कातळावरची वहिवाट

सातबारे वाचून वाचून माझे डोळे गेले, असं मी सगळ्यांना सांगते. डोळे शाबूत आहेत. आलाय तो कंटाळा. पण कंटाळा आला म्हटलं तर कोणी विचारत नाही, आणि डोळे गेले म्हटलं की निदान एखादी बाई गाजराचा रस पी गो म्हणून तरी सांगते.

काम काय करतेस, असं कोणी विचारलं की मला अजून नीट सांगता येत नाही. जमिनीबद्दल सरकारी दप्तरांत जे जे लिहिलेलं असतं ते मी एका नकाशावर आणते. तलाठ्याकडचा सातबारा, मोजणीचा जुना नकाशा, निबंधकाकडचे दस्त, वनखात्याची नोंद, समुद्रापासून कुठपर्यंत बांधकाम करायचं नाही ती रेघ. ह्या सगळ्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना असतात. मोजणीच्या नकाशात जिथं शेत आहे तिथं वनखात्याच्या लेखी जंगल, आणि प्रत्यक्षात जाऊन बघावं तर कोणाचा तरी गोठा. ह्यांना एकमेकांवर बसवायचं आणि कुठल्या तुकड्यावर कोणाचा काय हक्क नोंदलेला आहे ते रंगानं दाखवायचं. बँकेचा बोजा असेल तर तांबडा. कूळ असेल तर पिवळा. वन असेल तर हिरवा. ज्याच्यावर कोणाचंच काही नाही तो पांढरा, आणि गिऱ्हाईक असतं ते पांढऱ्यालाच. आमच्या कंपनीचं मोठं ऑफिस पुण्याला. कुडाळात आम्ही तिघंजणं एका दुकानाच्या माडीवर बसतो. पंखा आहे, पण तो लावला की कागद उडतात, म्हणून घामाघूम होऊन बसतो.

सातबाऱ्यावर मालकाच्या नावाशेजारी ‘इतर हक्क’ म्हणून एक रकाना असतो. सगळी मजा त्या रकान्यात. जमीन एकाची आणि तिच्यातलं आंब्याचं झाड दुसऱ्याचं, असं आमच्याकडे सर्रास असतं. झाड वादळात पडून चुलीत गेलं तरी झाडावरचा हक्क रकान्यात ताठ उभा. विहिरीतल्या पाण्याचा हक्क आहे, विहीर बुजवून तिथं बाथरूम झालंय. जन्मात एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ रकान्यात मांडीला मांडी लावून बसलेले. माझं माहेर इन्सुलीकडचं. तिथल्या आमच्या सामाईक जमिनीत माझंही नाव आहे. सगळ्या हिस्सेदारांत वाटणी केली तर माझ्या वाट्याला एका माणसानं उभं राहण्याइतकी जागा येईल, तीही एका पायावर. पण नाव आहे. हे मी पुढं जे सांगणार आहे त्याच्यामुळे मला आता फार महत्त्वाचं वाटायला लागलंय.

लग्नकार्यात मला जेवायला बसू देत नाहीत. पानात वडे पडले की पलीकडून कोणीतरी वाकून विचारतं, ‘‘गो, आमच्या त्या हिश्शाचा जरा बगशीत मां?’’ बघते म्हणते. बघितलं नाही तर म्हणणार हिला गर्व झाला. बघून खरं सांगितलं तर म्हणणार हिला काही कळत नाही.

असो. तर किनाऱ्याचं काम आलं. वेंगुर्ल्यापासून खाली रेडीपर्यंतची गावं. ह्या वेळी नकाशात एक रंग जास्तीचा होता, निळा. मच्छीमार ज्या जागा पिढ्यान्‌पिढ्या वापरतात त्या निळ्या दाखवायच्या: होड्या ओढून ठेवायची जागा, जाळी विणायची जागा, मासळी सुकत घालायची जागा. एकदा निळा रंग लागला की तिथं भिंत घालता येत नाही, हॉटेल बांधता येत नाही. मला आनंद झाला. मी खोटं कशाला सांगू, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की आपल्या हातून कोणाचं तरी बरं होईल. आणि मग दप्तरं उघडली तर निळ्यात भरायला काहीच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मासळी कुठं सुकवतो हे कोणी कधी लिहून ठेवलंच नव्हतं. ज्याला सांगायचं असेल त्यानं अर्ज करावा, मग अधिकारी जागेवर येऊन जबाब घेतील आणि तो जबाब नोंद म्हणून धरला जाईल, अशी सोय होती. अर्ज करणार कोण? सकाळी होडीची वाट बघायची, दुपारी मासळी विकायची, संध्याकाळी उरलेली खारवायची. ह्यात अर्ज कधी लिहायचा?

आता मावशीचं सांगते. लग्न होऊन मी वेंगुर्ल्याला आल्यापासून आमच्या दारी मासळी घेऊन येणारी ती एकच बाई. माझी सख्खी मावशी नव्हे, पण मी मावशीच म्हणते. माझ्या पहिल्या बाळंतपणात सासूच्या मागं लागून मला मोरी माशाचं कालवण करून घालायला लावणारी ती, आणि माझ्या नवऱ्याला तोंडावर ‘‘तुमका बांगड्याची पारख नाय’’ असं सांगणारी पण तीच. नवरा होडीवर होता तो गेला, झील, म्हणजे मुलगा, आता दुसऱ्याच्या होडीवर जातो. तिचं सगळं घर चाललंय सुक्या मासळीवर. ताजी मासळी आली त्या दिवशी विकायची तर व्यापारी म्हणेल तो भाव. सुकवता आली तर पावसात आपण म्हणू तो भाव. एवढाच तिचा व्यवहार, आणि तो व्यवहार उभा होता एका कातळावर.

बंदराच्या जरा पुढं, माडांची एक बाग आहे. बाग संपते आणि खाली पुळण सुरू होते, त्या दोन्हीच्या मध्ये जांभ्याचा एक सपाट कातळ आहे. वाऱ्याला उघडा, उन्हानं तापलेला. पुळणीवर सुकवलेल्या मासळीत वाळू जाते ती काही केल्या निघत नाही. कातळावरची मासळी स्वच्छ. मावशीचे पेडवे, मावशीचा गोलमो, म्हणजे तो बारीक सुका जवळा, बाजारात नावानं मागून नेत, त्याचं कारण तो कातळ. तिची सासू तिथं सुकत घालायची, सासूची सासूही. बाग ज्यांची त्या घराला ह्याचं कधी काही वाटलं नाही. त्या घरची काकी आता ऐंशीच्या घरात, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. दर आगोटीला, म्हणजे पाऊस तोंडावर आला की, मावशी काकीला पावसाळाभर पुरेल एवढं सुकं नेऊन द्यायची. काकी तिला नारळ, कोकमं, कधी जुनं पण चांगलं लुगडं द्यायची. कोणी कधी वजन केलं नाही की हिशेब धरला नाही.

काकीचे दोघे मुलगे बाहेरगावी. त्यांनी बाग विकायला काढली. घेणारे हॉटेलवाले. आणि ही बातमी मला बाजारात नव्हे, माझ्याच टेबलावर कळली. विक्रीला निघालेल्या जमिनींच्या यादीत तो सर्व्हे नंबर होता, आणि माझ्या पडद्यावर पांढराफटक. बोजा नाही, कूळ नाही, झाड नाही, विहीर नाही. एवढं स्वच्छ प्रकरण मी वर्षात एखादं बघते.

संध्याकाळी मावशी आली तशी मी तिला ओट्यावर बसवलं आणि म्हटलं, ‘‘अर्ज करूया गो. कातळ निळो करून घेवया. नायतर तुका थंय पाय ठेवक देवचे नाय.’’

ती म्हणाली, ‘‘काकी आसा मगे? काकी काय तशी नाय.’’

‘‘काकीच्या हातात काय ऱ्हवला नाय. झील विकतत.’’

ती टोपलीतल्या मासळीवरची पानं उगीच सारखी करत म्हणाली, ‘‘पेडव्यांचा काय करतलंय मगे मी?’’

अर्ज मीच लिहिला. मला पगार रंग भरायचा मिळतो, अर्ज लिहायचा नाही. साहेबांना कळलं असतं तर बोलले असते. बोलोत. मग तिची तालीम सुरू केली. रोज संध्याकाळी मासळी घेऊन झाली की ओट्यावर आमची शाळा.

‘‘सायब इचारतले, हंय तुमचो काय हक्क आसा? तू काय सांगतलंस?’’

‘‘सांगतलंय, आमी हंय मासळी सुकत घालतव.’’

‘‘कवापासून?’’

‘‘माजी सासू घाली, तिची सासू घाली.’’

‘‘मगे म्हण, आमचो हक्क आसा.’’

‘‘हक्क म्हणूक कसातरीच वाटता गो.’’

‘‘बरा, हक्क म्हणू नको. म्हण, आमची वहिवाट आहे.’’

हे तिला आवडलं. सरकारी शब्द होता, ऑफिसात बोलतात तसा. ती मान सरळ करून म्हणायची, ‘‘आमची वहिवाट आहे,’’ आणि लगेच पदर तोंडाला लावून हसायची. माझा नवरा आतून ओरडायचा, ‘‘आता बाई तलाठी होतली.’’ मी त्याला म्हटलं, तुम्ही गप्प बसा, तुमका बांगड्याची पारख नाय ती नाय, माणसाची पण नाय.

स्थळपाहणीचा दिवस ठरला. किनाऱ्याच्या गावांना मला यंत्र घेऊन जावंच लागायचं, अक्षांश-रेखांश टिपायला. अधिकारी गृहस्थ बरे होते. तरुण, समजूतदार, उन्हात टोपी घालून उभे. तलाठी होते. मुलग्यांनी मुखत्यारपत्र दिलेला एक माणूस मोटारसायकलवर आला होता, तो सारखा मोबाइलमध्ये बघत होता. कातळावर मावशीचे पेडवे सुकत पडलेले होते, चांदीसारखे लखलखीत. मला वाटलं, ह्याच्यापेक्षा मोठा पुरावा आणखी कसला हवा? मासळीच बोलतेय.

मावशी नवं लुगडं नेसून आली होती. साहेबांनी विचारायला तोंड उघडलं आणि एवढ्यात बागेतून काकी आली. हातात काठी, डोक्यावर पदर, ऊन लागतंय म्हणून वर ओला पंचा. कोणीतरी तिला सांगितलं असणार, कातळावर माणसं जमली आहेत. आपल्या जागेत माणसं जमली तर बघायला नको?

मावशीनं साहेबांकडे पाठ केली. सरळ काकीकडे गेली, हाताला धरून तिला माडाच्या सावलीत आणलं. म्हणाली, ‘‘कित्याक इलास ह्या उनाचा? गुडघो कसो आसा?’’ आणि दोघी गुडघ्याबद्दल बोलायला लागल्या. तेल कुठलं लावता, रात्री दुखतो की पहाटे. साहेब थांबले. बिचारे खरंच थांबले. मी घसा खाकरला, डोळे मोठे केले, तालमीची आठवण करून द्यायचा जेवढा प्रयत्न करता येतो तेवढा केला.

मग साहेबांनी विचारलं, ‘‘मावशी, ह्या जागेवर तुमचा काय हक्क आहे?’’

मावशीनं एकदा माझ्याकडे बघितलं. एकदा काकीकडे. आणि म्हणाली, ‘‘हक्क कसलो, सायबा? जागा काकींची. तेंच्या उपकारान आमी हंय बसतव.’’

मेले मी. यंत्र हातातून सुटून कातळावर पडलं असतं. आमच्याकडे असं बोलायची रीतच आहे. कोणाच्या घरी पाणी प्यायलो तरी म्हणतो तुमच्या उपकारानं जगतो. घरमालकाच्या तोंडावर त्याचं घर आपलं म्हणत नाहीत, आणि आपल्या घरी कोणी आलं की घर तुमचंच म्हणतो. दोन्ही बाजूंना ठाऊक असतं की हे बोलणं झालं, खरं काय ते वेगळं. पण जबाब लिहिणाऱ्या माणसाचा कागद घाटावरून आलेला. त्याला आमची रीत कुठून कळणार? साहेब लिहीत होते.

आणि मग काकी बोलली. रीत तिलाही ठाऊक होती. ‘‘उपकार कसले गो? तुज्या सासवेपासून तुमीच घालतास हंय. आमच्या ह्यांनी कवा तुमका अडयल्यानी? कातळ तुमचोच. सायबांनू, लिवा, कातळ हेंचो.’’

माझ्या जिवात जीव आला. मालकीण स्वतः सांगतेय. मी पुढं होऊन म्हटलं, ‘‘साहेब, हे लिहून घ्या. मालकांच्या बाजूनंच कबुली आहे.’’

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, त्रास होता. त्यांनी हातातल्या सातबाऱ्याच्या प्रतीवर पेन टेकवलं आणि काकीला म्हणाले, ‘‘काकी, तुमचं मी लिहून घेतलं असतं. पण सातबाऱ्यावर तुमचं नाव नाही.’’

‘‘माजा नाव नाय? घर माजा. बाग माजी. नाव कसा नाय?’’

‘‘तुम्ही हक्कसोड करून दिली आहे. दोन्ही मुलांच्या नावे. फेरफार झालेला आहे.’’

काकीनं कपाळावरचा ओला पंचा मागं सारला. मग म्हणाली, ‘‘ती सही? ती घरपट्टीची होती. झिलान सांगल्यान, घरपट्टीचो कागद म्हणान.’’

मोबाइलवाल्या माणसानं वर बघितलंच नाही. काकीचं नाव नाही हे मला ठाऊक होतं, त्या घटकेला विसरले होते. तो फेरफार मी वाचलेला होता, नकाशात भरलेलाही होता. पण माझ्यासमोर रोज असे फेरफार येतात. बाप गेला की आईनं आणि बहिणींनी सोडलेले हक्क, एकाखाली एक, एकाच अक्षरात. वाचून वाचून त्यांचं काही वाटेनासं होतं. खरं सांगते, काही वाटेनासं होतं. कातळावर ती म्हातारी समोर उभी राहून विचारत होती तेव्हा वाटलं.

काकी काठीवर रेलली. तिचा हात थरथरायला लागला तसा मावशीनं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला. वाऱ्यानं पेडव्यांचा वास येत होता.

साहेब भला माणूस. त्यांनी जबाब मोठ्यानं वाचून दाखवला: सदर जागा मालकांची असून तेथे आम्ही त्यांच्या परवानगीने बसतो, आमचा हक्क नाही, असे विचारले असता सांगितले. वाचून झाल्यावर ते थांबले आणि अगदी हळू म्हणाले, ‘‘मावशी, ह्यात काही बदलायचं असेल तर आत्ता सांगा. मी हा कागद फाडतो आणि दुसरा लिहितो. तुमची वहिवाट असेल तर तसं सांगा.’’

शब्दसुद्धा त्यांनी तिच्या तोंडात दिला. ओट्यावर महिनाभर घोकलेला शब्द. मी देवाला हात जोडले.

मावशीच्या हातांत काकीचा हात होता. ती म्हणाली, ‘‘नाय सायबा. बरोबर आसा.’’

आणि सही केली. सावकाश, एकेक अक्षर जोडून.

परत येताना रिक्षात मी तिला नाही नाही ते बोलले. एरवी मी तिला अगं-तुगं करते पण वाकडं बोलत नाही. त्या दिवशी बोलले. म्हटलं, ‘‘शिरा पडली तुज्या शाणपणार. ह्येका म्हणतत हात दाखवून अवलक्षण. सायब कागद फाडूक तयार, काकी स्वता सांगता कातळ तुजो, आणि तुका उपकार सुचतत. पालथ्या घड्यार पाणी घातलंय मी महिनोभर.’’ रिक्षावाला आरशातून बघत होता. बघेना का.

ती ऐकून घेत होती. बंदराचा चढ संपला तेव्हा म्हणाली, ‘‘तिका तवाच कळला मां, आपला काय नाय म्हणान. तेच वक्ताक तिच्या म्होरं मी म्हणू, माजा आसा?’’

रिक्षा वळणाला लागली.

‘‘तिचो हात बगलंस?’’ एवढं आणखी म्हणाली, आणि तिच्या वाडीशी उतरून गेली.

मला तिचा राग आला तो उतरायला फार दिवस लागले. पुढं कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी तिच्यावर रागावले होते कारण दुसऱ्या कोणावर रागावायला जागाच नव्हती. साहेबांनी ऐकलं तेच लिहिलं. जे लिहिलेलं होतं तेच मी रंगवलं. मुलग्यांनी आईची सही घेतली ती कायद्याच्या कागदावर, निबंधकासमोर, दोन साक्षीदारांच्या देखत. नोंदीत कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. हरकतींची मुदत संपली, मी तो तुकडा पांढरा ठेवून नकाशा पुण्याला पाठवला. खाली माझं नाव आलं, तयार करणार म्हणून.

काकीला थोरला मुलगा पुण्याला घेऊन गेला. जाताना ती बागेतल्या तुळशीपाशी बराच वेळ उभी होती असं शेजारचे सांगतात, मी काही बघायला गेले नाही. घर पाडलं. मग चिरे येऊन पडले आणि बागेभोवती भिंत उभी राहिली, ती कातळाच्या खाली पुळणीपर्यंत. काम उत्तम झालंय, सांध्यात सुई जाणार नाही.

मावशी येते अजून. पण ताजं तेवढं आणते. जास्तीचे पेडवे आले की ते आता खताच्या लॉरीत जातात, व्यापारी म्हणेल त्या भावानं. मी एकदा म्हटलं, आमच्या अंगणात घाल सुकत, तर दोन दिवस घातले आणि मांजरांनी आणि माझ्या जावेनं मिळून ते बंद पाडलं. जावेचं काय चुकलं? कपड्यांना वास लागतो. अंगणात तिचाही हिस्सा आहे. झील म्हणतो आई, आता पुरे कर, गोव्यात हॉटेलात काम मिळतंय मला. ती म्हणते जा. पण तिला तो जायला नको आहे हे तिच्या टोपलीकडे बघूनसुद्धा कळतं. मी मात्र माझ्या कामाला जाते, रंग भरते, घरी येते. थकल्यासारखं होतं. विचारलं तर डोळे गेले सांगते.

यंदा आगोटीच्या आधी मी वेंगुर्ल्याच्या बाजारात बेगमीला गेले. मिरच्या, कोकमं, मीठ, आणि शेवटी सुक्या मासळीची रांग. मावशीकडचं नाही तर विकतचं घ्यायचं, दुसरा उपाय नव्हता. रांगेत गर्दी होती. टोपल्यांच्या अलीकडे, गिऱ्हाईकं बसतात त्या बाजूला, एक बाई उकिडवी बसून गोलमो तळहातावर चोळून बघत होती. फुंकर घालत होती. हुंगत होती. माझा विश्वास बसेना. मावशीला मी जन्मात कधी मासळीच्या त्या बाजूला बघितलेलं नव्हतं.

मी तशीच मागं सरकले. तिला माझ्यासमोर लाज वाटू नये म्हणून. पण तिनं बघितलं. लाजलीबिजली काही नाही. म्हणाली, ‘‘ये गो. घेतलंस तर ह्यातलो घे, दुसऱ्यात काय राम नाय. पण धुवन घे हां. पुळणीच्या रेवेतलो आसा.’’

विकणारी पोर बाहेरगावची होती. तिनं विचारलं, ‘‘मावशी, चांगलाय ना?’’

मावशी म्हणाली, ‘‘बरो आसा गो बाय, बरो आसा.’’ आणि दोन पिशव्या बांधून घेतल्या. एक बारकी, एक चांगली मोठी.

मी विचारलं, ‘‘एवढो कोणाक?’’

तिनं बारकी कमरेला खोचली आणि मोठी माझ्या हातात दिली. ‘‘तुज्या हाफिसातला कोण ना कोण पुण्याक जाता मां? काकीक पोचव. पावसात तिका गोलम्याशिवाय जेवण जायत नाय.’’

ती चार पावलं गेली, परत फिरली आणि माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, ‘‘विकत घेतलेलो म्हणान सांगू नको तिका. माजो म्हण.’’